ट्रेलरखालची जागा

सोमवार, दुपार. यार्डात हजर: ट्रेलरची मालकीण मी, फिटर सलीम आणि आमचे ड्रायव्हर तुकाराममामा.

ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या-मागच्या चाकांमधल्या मोकळ्या जागेवर आज पत्रे बसले. खाली वारा घुसत नाही, डिझेल वाचतं. गतिरोधकावर मात्र ते घासतील.

"ताई, डिझेल वाचेल, पण मी जेवू कुठं?" मामांनी विचारलं. भर उन्हात, रस्त्याकडेला, ते ट्रेलरखालीच स्टोव्ह पेटवतात, चटईवर डोळा लावतात.

"एसी केबिन मागा," सलीम म्हणाला.

"तूच दे घेऊन, मोठा शेठ!"

मीही हसले. मग पत्र्यावरून हात फिरवला. माझा भाऊ मोटारसायकलवरून घसरला, तेव्हा शेजारच्या ट्रेलरची बाजू उघडी होती. तो सरळ चाकांखाली गेला. एवढा पत्रा असता तर हातपाय मोडून का होईना, कदाचित बाहेर राहिला असता. माणसाला सावली देणारी जागा माणसाला गिळतेही, आणि दिसायला ती दोन्ही वेळा सारखीच असते.

"मामा, पत्रे राहू देत."

मामांनी मान डोलावली आणि चटई केबिनमध्ये टाकली.

सावलीसाठी ट्रेलरच्या कडेला बांधायला मला त्यांना ताडपत्री शिवून द्यायची आहे. अजून मापही घेतलेलं नाही.