खुंटीवरची पतलून

आमच्या भागात त्या काळी पतलून घातलेला माणूस सरकारचा समजला जाई. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर धोतरवाल्याला थांबवायचे, गाठोडं सोडायला लावायचे, कमरेभोवती चाचपायचे. पतलूनवाल्याला विचारायचे, कुठल्या कचेरीतून आलात साहेब. मी जालन्याच्या एका जिनिंगमध्ये कारकून होतो. उर्दू बऱ्यापैकी यायची आणि खाकी पतलुनी दोन होत्या. कॅम्पवाल्यांनी माझ्यात आणखी काही पाहिलं असेल असं मला कधी वाटलं नाही.

कॅम्प हद्दीपलीकडे, वऱ्हाडात होता. निजामाशी लढायला संस्थानातले बरेच तरुण तेव्हा तिकडे जाऊन राहिले होते. मी मात्र नोकरी धरून होतो आणि सुट्टी काढून ये-जा करायचो. माझ्याकडे एकच काम होतं. एक लहान रिव्हॉल्व्हर जालन्याला नेऊन द्यायचं, काही दिवसांनी निरोप आला की परत कॅम्पात पोचवायचं. ते कोण वापरायचं, कशासाठी वापरायचं, मला सांगत नसत. त्यात गोळ्या आहेत का हेसुद्धा मी कधी उघडून पाहिलं नाही. शिंप्याकडून उजव्या खिशाला आतून मांजरपाटाचं दुहेरी अस्तर लावून घेतलं होतं. तंबाखूचा डबा ठेवतो, खिसा फाटतो, असं त्याला सांगितलं. 

लोक मला नंतर विचारायचे, तेव्हा छाती कशी फुलून येत असेल. माझी कंबर दुखायची. एवढंसं ते हत्यार, तळहातात मावायचं, पण कोस दोन कोस चाललं की सगळा माणूस उजवीकडे ओढल्यासारखा होई. हात खिशात ठेवला तर संशय, बाहेर ठेवला तर ते मांडीवर आपटे. धातू अंगाच्या उबेनं गरम व्हायचा आणि मग तो खिशात आहे की आपल्याच अंगाचा भाग आहे, कळेनासं व्हायचं. मी ते कधी चालवलं नाही, कुणावर रोखलंही नाही. माझ्या सत्काराच्या भाषणांत जे जे सांगितलं गेलं, त्यातलं खरं एवढंच की ते माझ्या खिशात असायचं.

कॅम्पाचा एक कडक नियम होता. हत्यार जवळ असताना कुठल्याही नातेवाइकाच्या घरी थांबायचं नाही.

पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीचा हिवाळा होता. जालन्याहून हत्यार घेऊन मी कॅम्पाकडे निघालो होतो. संकष्टी होती, राजूरला गणपतीची गर्दी होती. गर्दीतून जाणं बरं म्हणून मी त्या वाटेनं आलो, रात्री देवळाच्या आवारात पडलो आणि पहाटे भोकरदनकडे चालू लागलो. आदल्या दिवशी उपास घडला होता. सकाळी काही मिळालं नाही. भोकरदन ओलांडून हद्दीच्या बाजूला वळलो तेव्हा दुपार झाली होती आणि आक्काचं गाव वाटेतच होतं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचे यजमान, आमचे दाजी, त्या गावचे पोलीस पाटील होते. पाटीलकी त्यांच्या घरात पिढ्यांची. ते निजामाचे भक्त नव्हते आणि आमचेही नव्हते. अंमलदार आला तर त्याची सोय करायची, गेला की शेतात जायचं, असा त्यांचा स्वभाव. मी काय करतो ते त्यांना माहीत नव्हतं, निदान मी तसं समजत होतो.

मी त्या घरी का थांबलो याचं उत्तर मी वर्षानुवर्षं शोधलं आहे. मला भूक लागली होती. दुसरं काही सापडत नाही.

आक्कानं पाय धुवायला पाणी दिलं. मग दाजींचं धुतलेलं धोतर माझ्या हातात देऊन म्हणाली, पतलून काढून जेवायला बस. तिच्या घरी वाटेची धूळ लागलेले कपडे माजघरात येत नसत, ते ओसरीवरच खुंटीला लागायचे. शिवाय पतलून घालून मांडी घालता येत नाही आणि मांडी न घालता तिच्या घरी कुणी जेवत नसे. मी नको म्हटलं असतं तर ती हसली असती किंवा तिनं कारण विचारलं असतं. रिव्हॉल्व्हर काढून धोतराला खोचावं तर उघड दिसणार. ओसरीवर दाजी बसले होते, त्यांच्यासमोर काही करणं शक्य नव्हतं. मी पतलूनची घडी घातली, खिसा आत राहील अशी खुंटीवर टाकली आणि आत गेलो.

येसराची आमटी होती, भाकरी होती. मी पहिली भाकरी संपवली तेव्हा बाहेर बोलणं ऐकू आलं. भोकरदनच्या ठाण्याचा जमादार आणि त्याचे दोन जवान आले होते. माझ्यासाठी नाही. तहसीलदारांचा मुक्काम पडणार होता, त्यासाठी बैलगाड्या आणि झोपायला बाजा हव्या होत्या. हे नेहमीचंच. जमादार दाजींना वर्षानुवर्षं ओळखत होता. तो ओसरीवर टेकला, दाजींनी पान पुढे केलं. जमादारानं कमरेचा पट्टा सैल करून काढला आणि खुंटीला अडकवायला गेला.

पतलून खाली पडली. शेणानं सारवलेल्या जमिनीवर कापड पडल्याचा आवाज होत नाही. हा झाला.

माजघराच्या दारातून मला ओसरीचा अर्धा भाग दिसत होता. जमादारानं पतलून उचलली, वजन पाहिलं, खिशात हात घातला. हात बाहेर काढल्यावर थोडा वेळ तो त्या वस्तूकडे नुसता पाहत राहिला. आक्का मला आमटी वाढत होती. तिचा हात तसाच थांबला.

"पाटील, ये पतलून किसकी है?"

दाजींनी आत पाहिलं नाही. ते म्हणाले, "माझी हाय."

जमादार हसला. "आप कब से पतलून पहनने लगे?"

दाजी म्हणाले, जालन्याला लग्न होतं, तिथं मिरवायला घेतली. आणि हे? जमादारानं रिव्हॉल्व्हर पुढे केलं. हे एका वाटसरूकडून घेतलं, गावोगाव डाके पडून राह्यलेत, घरात बायकापोरं हैत. जमादारानं पतलून उलगडली आणि दाजींच्या पोटाला लावली. दाजी अंगानं भरलेले होते. पतलूनची कंबर त्यांच्या पोटाच्या निम्म्यातच संपली. जवान हसले. मग जमादारानं मान वळवून आत माझ्याकडे पाहिलं.

"ये कौन?"

"मेव्हणा हाय. पाहुणा आलाय. जेवून राह्यलाय."

जमादार माझ्याकडे पाहतच राहिला. मी ताटात पाहत होतो. त्याला कळलं नसेल असं मी मानत नाही. पण कबूल करणारा माणूस त्याच्या हातात होता, तो गावचा पाटील होता, आणि जेवत्या माणसाला उठवायला तोही कचरत असावा. "खाने दो," तो म्हणाला.

त्यानंतर मी काय केलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी जेवलो. आक्कानं वाढलेली आमटी संपवली, ताटात पाणी घातलं, उठून मागच्या अंगणात गेलो आणि हात धुतले. मुद्दाम हळू धुतले. ओसरीवरची हालचाल ऐकू येत होती. मी परत आत आलो तेव्हा दाजींच्या दंडाला दोरी होती आणि ते पायात जोडा घालत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. काहीतरी ऐकायला थांबल्यासारखे क्षणभर थांबले. मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो. मग ते गेले. पतलूनही जमादारानं पुराव्यासाठी नेली.

मी दाजींचं धोतर नेसूनच हद्द ओलांडली.  निघताना आक्कानं शिळी भाकरी फडक्यात बांधून दिली, आणि मी ती घेतली.

कॅम्पात मी सांगितलं, बहिणीच्या घरी पोलिसांचा छापा पडला, हत्यार गेलं, मी मागच्या दारानं निसटलो. नियम मोडल्याबद्दल बोलणी बसली, आणि निसटल्याबद्दल प्रमुखांनी पाठीवर हात ठेवला. दाजींचं नाव मी घेतलं नाही. खोटं तेवढ्यावर थांबलं असतं तर एक वेळ ठीक होतं. पण ऐकणाऱ्यांनी पुढचं स्वतःच जुळवलं. पोलीस पाटलाच्या घरी मेव्हणा जातो आणि त्याच दुपारी छापा पडतो, म्हणजे खबर कुणी दिली हे काय विचारायचं? पाटलालाही धरून नेलं हे नंतर कळलं, तेव्हा लोक म्हणाले, बक्षिसाच्या वाट्यावरून बिनसलं असेल. मी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर मग कोणी, कसं, तू कुठे होतास, हे सगळं सांगावं लागलं असतं.

दाजींना भोकरदनच्या ठाण्यात ठेवलं, मग औरंगाबादच्या तुरुंगात. रिव्हॉल्व्हर कुणाकडून घेतलं हे त्यांना विचारत होते आणि ते प्रत्येक वेळी वेगळ्याच वाटसरूचं वर्णन सांगत होते. पोलीस अ‍ॅक्शननंतर तुरुंग उघडले. ते घरी आले तेव्हा त्यांचा डावा गुडघा वाकत नव्हता. पाटीलकी गेली होती. गावात नव्या लोकांनी मिरवणूक काढली त्यात मी पुढे होतो. दाजींच्या दारावरून ती जाताना कुणीतरी ओसरीवर शेण फेकलं. मी ते पाहिलं.

गुडघा वाकत नसल्यानं त्यांना मांडी घालून जेवता येईना. आक्का त्यांचं ताट चौरंगावर ठेवायची आणि ते एक पाय लांब सोडून जेवायचे. मी दिवाळीला जायचो, भाऊबीजेला जायचो. नंतर मी पतलून घालणं सोडलं. लोकांना वाटलं, साधेपणा. आक्काच्या घरी ओसरीवरच्या त्या खुंटीवर कधी काही टांगलेलं मी पुन्हा पाहिलं नाही.

आक्कानं हा विषय एकदाही काढला नाही. तिनं काढावा म्हणून मी पुष्कळदा तिच्यासमोर उगीच बसून राहिलो. ती भाजी निवडायची, पावसापाण्याचं बोलायची.

दाजींना मी एकदाच विचारलं. मला सरकारचं मानपत्र मिळालं होतं आणि ते मी आक्काला दाखवायला नेलं होतं. कशासाठी नेलं, देव जाणे. आक्का शेतावर होती. दाजींनी मानपत्र हातात घेऊन सावकाश वाचलं, त्यातलं धाडस, छापा, निसटणं, सगळं. वाचून माझ्याकडे परत दिलं. मी विचारलं, "दाजी, त्या दिवशी तुम्ही माझी म्हणून का सांगितलं?"

 बाहेर कुणीतरी बैलांना हाकत होतं.

"तू जेवून राह्यला होतास," ते म्हणाले. "ताटावरून माणूस उठवतेत का? त्यात बायकोचा भाऊ." मग लांब सोडलेला पाय दोन्ही हातांनी उचलून थोडा सरकवला. "मला वाटलं, मंग तू हात धुऊन येशील आन् सांगशील."

  मग चहा घेतोस का म्हणाले.

ते जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. आक्का गेल्या पावसाळ्यात गेली. तिच्या गावच्या शाळेसमोर आता एक दगड बसवताहेत, त्या लढ्यात भाग घेतलेल्या पंचक्रोशीतल्या लोकांच्या नावांचा. सगळ्यांत वर माझं नाव आहे, कारण हयात मी एकटाच उरलोय. उद्घाटनही माझ्याच हातून ठरलंय. मी मुख्याध्यापकांना भेटलो. भला माणूस आहे, तरुण आहे. मी त्यांना सगळं सांगितलं, या कागदावर आहे तसंच. माझं नाव काढा आणि तिथं दाजींचं घाला, असं म्हटलं.

त्यांनी ऐकून घेतलं.  मग म्हणाले, काका, दगड कोरून झालाय, आता काढता येणार नाही. खाली थोडी जागा आहे, तिथं घालून घेऊ. पण गावातल्या जुन्या लोकांना ते कसं पटवायचं? ते अजून त्यांना खबऱ्याच म्हणतात.

म्हणून हे लिहिलं. त्या दिवशी भाषण करायला उभं राहण्याची ताकद माझ्यात नाही. भाच्याला सांगितलंय की बसल्या जागेवरून मी हे वाचीन, आणि मला वाचता आलं नाही तर त्यानं वाचावं. तो हो म्हणाला. कार्यक्रम सकाळी आहे, जेवणाच्या आधी. वेळ तशी मीच मागून घेतली.