धुराड्यातून येणारा आवाज

ऑरिन थेअरचा सगळा जन्म धुराडी साफ करण्यात आणि दुरुस्त करण्यात गेला, आणि सगळा जन्म त्याला उंचीची भीती वाटत आली. व्हरमाँटच्या डोंगरातल्या त्यांच्या गावात ही गोष्ट एकट्या लोविनाला, म्हणजे त्याच्या बायकोला, ठाऊक होती. बाकीचे म्हणायचे, ऑरिन छपरावर मांजरासारखा चालतो. खरं म्हणजे वर गेल्यावर त्याचे गुडघे सरळच होत नसत.

धंदा बापाचा, म्हणून त्याने धरला. सवयीने भीती जाईल असं वाटलं होतं, ती गेली नाही. लग्नानंतर मात्र त्या भीतीवर एक उतारा सापडला. ऑरिन कुणाच्याही छपरावर चढला की सोबत आलेली लोविना खाली शेकोटीपाशी बसायची आणि धुराड्याच्या नळीतून बोलत राहायची. कामापुरतं ‘सोड’, ‘ओढ’ एवढं म्हटलं तरी भागलं असतं. पण ती शेजाऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची, त्याच्या टोपीवर घसरायची, सासूच्या सूप भुरकण्याची नक्कल करायची. त्या काळ्या भोकातून काजळीच्या वासाबरोबर तिचा आवाज येत राहिला की त्याचे हात नीट चालत.

यंदा हिवाळा सरता सरता अंगणातल्या बर्फावर घसरून लोविनाच्या खुब्याचं हाड मोडलं. आता तिला जमिनीलगत बसणं जमेना. उन्हाळाभर ऑरिनने छपराची कामं काही ना काही सबब सांगून टाळली. मग पानं गळाली, थंडी तोंडावर आली आणि आर्डिस कोलबर्नचा निरोप आला. आर्डिस म्हणजे गावाच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी. तिच्या शेकोटीच्या घशातली लोखंडी झडप आगीने वाकडी झाली होती आणि घरातली ऊब फटीतून वर निघून जात होती. तिला धुराड्याच्या माथ्यावर बसणारं नवं झाकण हवं होतं. खालून तार ओढली की ते बंद होतं, सोडली की स्प्रिंगने उघडतं.

निघताना लोविना म्हणाली, “तिला बोलत राहायला सांग. सांगशील ना?”

“सांगेन.”

“तू कसला सांगतोयस. मग एक दिवस तू पडल्याचं पोलीस येऊन मला सांगतील.”

आणि खरंच त्याच्याने सांगवलं नाही. त्याने जुनी झडप वर ढकलून उघडी केली, खाली काठीचा टेकू दिला, शेकोटीच्या आतल्या भिंतीत तारेची मूठ बसवली. तारेचं टोक खाली आलं की हाक मारा, एवढंच आर्डिसला सांगितलं आणि तो शिडी चढला.

छप्पर पाटीच्या दगडाचं, दवाने निसरडं झालेलं. आढ्याला आकड्याने अडकवलेल्या शिडीवरून तो पोटावर सरपटत धुराड्याशी पोचला. खाली पाहायचं नाही, हे ठरलेलं. त्याने नळीची कड घासली, चिकटवायचा मसाला लावला, झाकणाची चौकट दाबून बसवली आणि तार आत सोडली. तार जात राहिली, मग अडली आणि सैल पडली.

“आली का तार?” त्याने नळीत तोंड घालून विचारलं.

उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा हाक मारली. वारा तेवढा घोंगावत होता. आजवर त्या भोकाने त्याला नेहमी उत्तर दिलं होतं. आता ते बुजवलेल्या विहिरीसारखं झालं होतं.

समोरचा डोंगर कलला. ऑरिनने विटांना मिठी मारली आणि डोळे मिटले. म्हातारी पडली असेल का? पडली असेल तर तिच्यापाशी जाणारा आसपास तोच एक, आणि त्याचा हात सुटत नव्हता. लोविना अशा वेळी काय म्हणाली असती, ते तो आठवू लागला. एक शब्द आठवेना.

शेवटी त्याने एक पाय मागे सोडला. शिडीची पायरी सापडेना. बुटाखालची एक पाटी निसटली, खरखरत गेली आणि बऱ्याच वेळाने अंगणात फुटली. त्याच वाटेने आपण चाललोय असं त्याला वाटलं. मग पायरी सापडली. तो कसा उतरला, ते त्याला पुढे कधी सांगता आलं नाही.

आर्डिस स्वैपाकघरात सफरचंदं ढवळत होती.

“झालं?” तिने विचारलं.

तो शेकोटीशी जाऊन वाकला. झडप बंद होती. टेकूची काठी नीट बाजूला ठेवलेली.

“विस्तव नाही आणि झडप उघडी?” आर्डिस मागून म्हणाली. “माझ्या आईने कानफटात दिली असती.” मग तिच्या ध्यानात आलं आणि ती कमरेच्या एप्रनला हात पुसत राहिली. त्या गावात पोर चालायला लागलं की हेच शिकतं. आग विझली की झडप लाव. तिच्या हाताने तिला न विचारताच ती लावली होती. झडपेवरच्या काजळीत तारेचं वेटोळं पडलं होतं, आणि त्याच्या हाकाही तिथेच राहिल्या होत्या.

ऑरिनने जुनी झडप काढून टाकली. तार खाली आली, ती मुठीला बांधली. वरचा मसाला धरेपर्यंत दोघांनी कॉफी घेतली. आता एकच राहिलं होतं: झाकण चारी बाजूंनी टेकतं का, ते वर जाऊन पाहणं. चालेल एवढं, असं म्हणावं, घरी जावं आणि शिडी विकून टाकावी, असं त्याच्या मनात आलं. घरी लोविनाला काय सांगणार, ते मात्र सुचेना.

“कोलबर्नबाई,” तो त्या मुठीकडे पाहत म्हणाला, “मी वर असताना जरा बोलत राहाल? मला भीती वाटते.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“आणि आम्ही तुला मांजर म्हणत होतो.” तिने स्टूल शेकोटीशी ओढलं. “काय बोलू?”

“काहीही. लोविना माझ्या टोपीवरून बोलते.”

“त्या टोपीवर तर दिवसभर बोलता येईल.”

ती बोलली. टोपी झाली, मग तिच्या दिराची गाय निघाली, आणि गायीच्या मागोमाग ऑरिन धुराड्यापर्यंत पोचला. त्याने ओढा म्हणून सांगितलं. झाकण खाली आलं, कडेचं रबर चारी बाजूंनी घट्ट टेकलं. केसाएवढीही फट राहिली नाही. आणि आवाज तुटला.

असं होणार, हे आधी त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. काम चोख झालं होतं, म्हणूनच काही ऐकू येत नव्हतं. त्याने पुन्हा विटांना मिठी मारली.

खट्‌कन झाकण उघडलं. शिजल्या सफरचंदांची ऊब त्याच्या तोंडावर आली.

“बसलं का नीट?”

“बसलं.”

“मग उतर. तुझे पाय जमिनीला लागेपर्यंत मी उघडंच ठेवते.” मग ती म्हणाली, “पण रेंगाळू नकोस बाबा, माझी सगळी ऊब चाललीय.”

गुडघे वाकवून ऑरिन उतरू लागला. धुराड्यातून पुन्हा टोपीचा विषय निघाला होता.