टाकीच्या झाकणाचं भोक

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मी आमच्या गावच्या दूध संस्थेचा सचिव होतो. गाव बीडजवळच्या पाली गावाच्या पलीकडं, माळावरचं. दूध इतकं आटलं की दूध संघाचा टेम्पो यायचा बंद झाला. मग मीच रोज सकाळी मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून हायवेवरच्या शीतकरण केंद्रावर दूध पोचवायला लागलो. गाडीनं दगा देऊ नये म्हणून ती बीडच्या शोरूमला सर्व्हिसिंगला टाकली.

तिथं ‘पाणीटंचाईमुळे धुलाई बंद’ अशी पाटी होती. गाडी कोरडीच पुसली आणि टाकीला भरपूर पॉलिश चोळलं. टाकी नव्यासारखी चमकत होती. मला बरं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी सात-आठ किलोमीटरवर गाडी आचके देत बंद पडली. किका मारून पाय भरून आला. प्लग काढून पाहिला, ठिणगी चांगली पडत होती. टाकी हलवून पाहिली, पेट्रोल होतं. पंधरा-वीस मिनिटांनी, मी काहीच केलं नसताना, ती चालू झाली आणि पुन्हा तेवढंच अंतर जाऊन थांबली. केंद्रावर पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. तिथल्या माणसानं थोडं दूध नळीत घेऊन तापवलं. ते फाटलं.

“वापस न्या,” तो म्हणाला. “कुनाचं तरी भांडं घान असंल.”

गावात येऊन मी तेच सांगितलं. गाडीचं नावही काढलं नाही. एकट्या माझ्यावर सगळ्यांचा विश्वास, आणि माझीच गाडी रस्त्यात बसली, हे तोंडातून निघेना.

आमच्या शेजारी एक मावशी राहायच्या. नवरा वारलेला, दावणीला एकच गाय. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या किटली घेऊन सगळ्यांच्या आधी आल्या.

“दोनदा उकळत्या पान्यानं घासली बघ,” त्या म्हणाल्या. “टँकरचं प्यायचं पानी व्हतं, पर म्हनलं माझ्यामुळं सगळ्यांचं नुकसान नको.”

मी मान खाली घालून दूध मोजून घेतलं. त्या दिवशीही गाडी दोनदा थांबली, दूध परत आलं.

तसाच शोरूमला गेलो. सुपरवायझरनं एका मेकॅनिकला चक्कर मारायला लावली. तो चौकापर्यंत जाऊन आला.

“गाडी ओके हाय.”

“अहो, चौकात न्हाई बंद पडत. सात-आठ किलोमीटरवर पडते.”

“पेट्रोल खराब असंल तुमचं,” सुपरवायझर म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

तिसऱ्या दिवशी माझा धीर सुटला. गाडी माळावर थांबली तशी मी रागारागानं टाकीचं झाकण उघडलं. सूं करून हवा आत ओढली गेली. किक मारली, पहिल्या किकला चालू! मी झाकण उलटं करून पाहिलं. झाकणाला हवा जायला बारीक भोक असतं. त्यात पॉलिश आणि धूळ मिळून पांढरा लगदा घट्ट बसला होता. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना; थांबल्यावर हळूहळू थोडी हवा झिरपली की गाडी परत चालू व्हायची. बाभळीच्या काट्यानं ते साफ करायला मिनिटही लागलं नाही.

गाडी तेव्हापासून एकदाही थांबली नाही. पण त्या दिवशीचं दूध गेलंच होतं, आणि तीन दिवसांत लोकांचं मन उडालं होतं. कुणी गुरं छावणीत नेली, कुणी दूध घरीच ठेवू लागलं. कॅनचा तळही झाकेना. संघाकडून संकलन बंद करायचा कागद आला, मी सही केली.

मावशींची गाय तोवर बाजारात गेली होती. त्यांच्या ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं. भांडं चांगलं होतं, खोट गाडीत होती, आणि मला पहिल्या दिवशीच बोलता आलं असतं.

त्यांनी रिकाम्या दावणीकडं पाहिलं. चिडतील, शिव्या देतील, असं वाटलं. तेवढं तरी बरं झालं असतं.

“आज टँकर येनार हाय का रं?” त्यांनी विचारलं.

“न्हाई,” मी म्हणालो. “उद्या बी न्हाई.”