शनिवार-बुधवारी चालणारा प्रिंटर

माझी रजा एका प्रिंटरमुळे अडकली होती हे माझ्या मुलीला अजून खरं वाटत नाही. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. मी कुवेतमध्ये राई नावाच्या भागातल्या एका गोडाऊनमध्ये स्टोअरकीपर होतो. रजेच्या अर्जावर साहेबांनी लाल पेनाने शेरा मारला होता : "नव्या लॅपटॉपवरून गेट पास सलग तीन दिवस निघाल्यानंतर."

रजा कशासाठी हवी होती तेही सांगतो. मुलीची दहावी झाली होती, आता कॉलेजचा प्रवेश होता. पहिलीच्या, पाचवीच्या आणि आठवीच्या प्रवेशाला मी नव्हतो. ही यादी माझ्यापेक्षा बायकोकडे जास्त पक्की होती. फोनवर ती म्हणाली, "शाळेत विचारलं वडील कुठे असतात. मी सांगितलं, गोडाऊनमध्ये. त्यांना वाटलं, तुम्हाला ठेवलंय तिथे."

"या वेळी येतो."

"मागच्या वेळीही हेच म्हणालात. तारीख सांगा."

तारीख प्रिंटरच्या हातात होती.

गोडाऊनचा जुना कॉम्प्युटर गेला आणि साहेबांनी चकचकीत लॅपटॉप आणला. साहेब पुण्याचे, इंजिनिअर, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मला काका म्हणत आणि काकांसारखं काहीच ऐकत नसत. लॅपटॉपला जुन्या प्रिंटरची रुंद पिन बसेना, वजनकाट्याची नऊ टोकांची बसेना आणि बारकोड वाचणाऱ्या बंदुकीची गोलही बसेना.

"काका, हा प्रिंटर फेकून द्या. नवा घेऊ, आवाज न करणारा."

"साहेब, आवाज न करणारा तीन प्रती काढत नाही."

आमचा गेट पास तीन कागदांचा असे, मध्ये कार्बन. पांढरा ऑफिसला, गुलाबी ड्रायव्हरला, पिवळा गेटवर. जुना प्रिंटर टाचण्या ठोकत लिहायचा, म्हणून खालच्या कागदापर्यंत अक्षर उतरायचं. साहेबांना हे पटेना. तेव्हा मी त्यांना अगदी नम्रपणे सुचवलं, की आपण स्वतःच एकदा गेटवरच्या माणसाशी बोलून बघा.

गेटवर म्हातारा मिसरी हारिस बसायचा, म्हणजे इजिप्तचा पहारेकरी. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन. साहेब टाय लावून, उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर आरतीच्या तबकासारखा धरून गेटपर्यंत चालत गेले. हारिसने स्क्रीनकडे बघितलं, खाली वाकून लॅपटॉपच्या मागे बघितलं आणि आदराने विचारलं, "फेन वरका?" कागद कुठाय? साहेबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. हारिसने मान हलवली, "असफर." पिवळा. मागे तीन ट्रक हॉर्न वाजवत होते. मी खिडकीतून बघत होतो आणि अजिबात हसत नव्हतो, असं मी साहेबांना नंतर शपथेवर सांगितलं.

मग हवल्लीच्या बाजारातून मी तीन ॲडॉप्टर आणि चार खाचांचा एक हब आणला. तिन्ही जुनी यंत्रं ॲडॉप्टरला, ॲडॉप्टर हबला आणि हब लॅपटॉपला. पहिल्या दिवशी, शनिवारी, प्रिंटर असा कडकडला की शेजारच्या गॅरेजवाल्याने डोकावून बघितलं. साहेब बाहेर होते, त्यांनी फोनवर शाबासकी दिली. रविवारी प्रिंटर गप्प. सोमवारी गप्प, मंगळवारीही गप्प. बुधवारी पुन्हा ठणठणीत, गुरुवारी पुन्हा गप्प. पुढच्या आठवड्यातही तसंच, आणि त्याच्या पुढच्याही. गप्प दिवशी साहेब शहरातल्या हेड ऑफिसहून छापलेले पास मागवत आणि हेड ऑफिसवाले काय म्हणाले ते मला ऐकवत.

मी नोंदी ठेवणारा माणूस. एका वहीत रकाने आखले : वार, वेळ, जोडणी, निकाल, शेरा. पंधरवड्यात माझा निष्कर्ष तयार झाला. शनिवारी आणि बुधवारी साहेब हेड ऑफिसला बैठकीला जात. म्हणजे साहेब नसले की प्रिंटर चालतो. मी हे गोडाऊनमधल्या सगळ्यांना सांगितलं. साहेब दारात दिसले की फोर्कलिफ्टवाला प्रिंटरवर फडका टाकू लागला. एका सोमवारी तर मी साहेबांनाच म्हणालो, "साहेब, आज जरा बाहेर थांबता का?"

"का?"

"प्रयोग आहे."

ते बाहेर थांबले. प्रिंटर हूं की चूं करेना. ते आत आले आणि म्हणाले, "काका, आता तुमच्या रजेवर प्रयोग करू?"

त्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी जलीब वस्तीतल्या आमच्या खोलीवर वही उघडून बसलो होतो. खोलीत आम्ही सहाजण. त्यातला एक मालवणचा इलेक्ट्रिशियन मासे साफ करत होता. त्याला विचारलं, साहेबांच्या मोबाइलमुळे असं होत असेल का? त्याने हात पुसले, वही घेतली आणि जोडणीच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"ह्यां काय? एक, दोन, तीन, चार, एक, दोन?"

मी अभिमानाने समजावलं. वस्तू गहाळ होतात म्हणून संध्याकाळी मी सगळे ॲडॉप्टर काढून कपाटात ठेवतो. सकाळी पुन्हा लावतो. पण एकाच खाचेत रोज घातलं तर ती झिजते. म्हणून प्रिंटर दर शनिवारी पहिल्या खाचेत, रविवारी दुसऱ्या, असं फिरवतो. बाकीचे उरलेल्या जागी. माल फिरवायचा, हा गोडाऊनचा पहिला नियम.

त्याने वही माझ्यापुढे आपटली. "तुका कोणी सांगल्यान रोज जागा बदलूक? एक नंबराक लावलंस की चलता, बाकीच्यांक लावलंस की बंद. तूच लिवलंस आणि तूच वाचूक नाय? साहेबाक कित्याक बदनाम करतस?"

बाकीचे चौघे इतके हसले की भात लागला.

शनिवारी लॅपटॉप उघडून बघितलं. प्रिंटर एकच, पण यादीत त्याच नावाचे चार. प्रत्येक खाचेत लावलेला प्रिंटर लॅपटॉपने वेगळा मानला होता आणि पास मात्र तो पहिल्यालाच पाठवत होता. माझ्यासारखाच तोही नोंदी ठेवत होता. मी पहिल्या खाचेभोवती लाल टेप लावली, प्रिंटरचा ॲडॉप्टर तिथेच कायमचा ठेवला आणि सवयीच्या समाधानासाठी फक्त बारकोडची बंदूक कपाटात नेऊ लागलो.

शनिवार, रविवार, सोमवार. सोमवारी साहेब शेजारी उभे होते. तिसरी प्रत फाडून मी त्यांच्या हातात दिली.

"काय बिघाड होता, काका?"

"जोडणीचा, साहेब."

"मग बाहेर मला का उभं केलं होतं?"

"ती शक्यता वगळायची होती."

त्यांनी खिशातून तेच लाल पेन काढलं आणि अर्जावर सही केली. फोर्कलिफ्टवाल्याला मात्र मी खरं कारण सांगितलं नाही. माझ्या साठ दिवसांच्या रजेत तो साहेब आले की फडका टाकतच राहिला असणार.

कॉलेजच्या खिडकीशी रांगेत मुलगी माझ्यापुढे उभी होती. तिच्या फाइलमधले कागद मी एकदा क्रमाने लावून दिले होते. तिने ते पुन्हा तिच्या क्रमाने लावले.

"बाबा, तुम्ही फक्त सही करा."

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "वडील?"

"हे काय, आलेत," ती म्हणाली.

मी तीन ठिकाणी सही केली.