घमेल्यात पडलेले लाडू

“अगं बया! हे तर आम्ही म्हशीला घालतोय की!”

काकी हे अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. हॉलभर बायका बसलेल्या. भिंतीला फुगे, टेबलावर गुलाबी केक. काकींच्या नातीचा, स्वराचा, दुसरा वाढदिवस. काकी म्हणजे आमच्या घरमालकीण. मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहणारी. काकींच्या हातात माझा डबा होता आणि डब्यात मी वळलेले लाडू.

तसं त्यांना कळलंही नसतं. माझ्या तनूनंच सांगितलं. तीन वर्षांची व्हायला आलेली माझी पोरगी. दुपारभर माझ्या शेजारी बसून तिनं चिमुकल्या हातांनी त्यातले दोन लाडू वळले होते. वाकडे, चपटे. कुणी डबा उघडतंय म्हटल्यावर तिला राहवेना. मोठ्यांदा ओरडली, “माझं लाडू! अंगणवाडीच्या पाकिटातलं लाडू!”

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. काकींनी एक लाडू नाकाशी नेला आणि परत डब्यात टाकला.

“तुमच्यात चालत असंल बाई. आमच्यात न्हाय चालत.”

आणि डबा घेऊन त्या मागच्या दारातनं गोठ्यात गेल्या. दार उघडंच होतं, हॉलमधनं सगळं दिसत होतं. राणी नावाची त्यांची म्हैस. तिच्या पुढ्यातल्या घमेल्यात काकींनी डबा पालथा केला, वर दोनदा ठोकला. राणीनं जीभ फिरवली. तनूचे चपटे लाडू पहिल्या झटक्यात गेले.

“चला, म्हशीचा पण वाढदिवस झाला म्हणायचा!” कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

काकींनी रिकामा डबा माझ्या हातात दिला. रागानं नाही हं. अगदी हसत. “आलीसच हाईस तर तेवढ्या ताटल्या विसळून दे. तुला काय, घरातच बसून असतीस.”

मी ताटल्या विसळल्या. पाहुणी म्हणून धुवट साडी नेसून गेलेली मी, पदर खोचून मोरीत बसले. तनू माझ्या मांडीला चिकटून उभी. केक खाल्ला नाही तिनं. आमच्या खोलीकडं येताना गोठ्यापाशी थांबली. राणीकडं बघत राहिली. मग मला विचारलं, “आई, मी म्हस हाय?”

मी तिला उचलून कडेवर घेतलं आणि खोलीत आणलं.

आम्ही मूळचे गारगोटीकडचे. नवरा शिरोलीला फौंड्रीत, लोखंड ओतायच्या भट्टीवर, लागला म्हणून कोल्हापुरात आलो. खोली शोधताना काय झालं ते विचारू नका. आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. काकींनीही विचारलं होतं, “पावणं, आडनाव काय म्हणालासा?” ह्यांनी सांगितलं. काकी जरा थांबल्या. मग म्हणाल्या, “मागची खोली हाय. पुढच्या दारानं येजा करायची न्हाय.” आम्ही हो म्हटलं. डोक्यावर पत्रा मिळतोय हेच खूप वाटलं.

मी पण शिवणाच्या कारखान्यात जात होते. तनू झाली तरी जात होते, सासूबाई होत्या सांभाळायला. त्या गेल्या, त्यात धाकटा झाला. दोघांना पाळणाघरात ठेवायचं तर माझा सगळा पगार तिथंच गेला असता. मग मी घरी बसले. ‘बसले’ म्हणायचं आपलं.

माझं बसणं सांगते. उजाडायच्या आत उठायचं. धाकट्याला जुन्या साडीनं पाठीला बांधायचं, तनूला गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्यावर बसवायचं. मग शेण काढायचं, गोठा धुवायचा, पेंड कालवायची. ह्याचं कधी ठरलं नव्हतं बरं का. पहिल्या आठवड्यात काकी म्हणाल्या, “जरा हात लाव की, घरातच असतीस.” तो हात कायमचा लागला. बदल्यात भाड्यात थोडी सूट आणि रोज तांब्याभर दूध. काकींचा मुलगा संध्याकाळी राणीला चौकात कट्ट्यावर नेतो. माणसं तिथं गाड्या थांबवून समोर काढलेलं धारोष्ण दूध उभ्याउभ्या पितात, मिशा पुसतात, वा वा करतात. त्या कासेखालचं शेण मी काढते हे कुणाच्या ध्यानात येणार?

गोठा झाला की नळ. पाणी भरलं की ह्यांचा डबा. मग पोरं. डाळ शिजवली की वरचं पातळ पोरांना, खालचं घट्ट आम्हाला भाकरीबरोबर. बाटल्यांची झाकणं दोऱ्यात ओवली की धाकट्याचा खुळखुळा. लाईट जाळायला नको म्हणून दिवस आहे तोवरच जेवणं. दोन दिवसांआड दुपारी दोघांना घेऊन रंकाळ्यावर चालत जायचं, बदकं बघायची, भेळेच्या गाडीपुढनं पोरीचं तोंड दुसरीकडं वळवायचं आणि परत यायचं. एवढ्यात पोरगी खूश असते.

काकींच्या सुनेनं एकदा मला मोबाईलवर व्हिडिओ दाखवला होता. घरी असणाऱ्या आईनं दिवस कसा आखावा. सकाळी उठून स्वतःला वेळ द्यावा, कोमट पाणी प्यावं, पोरांच्या नाष्ट्याचा आठवड्याचा तक्ता फ्रिजवर चिकटवावा. मी म्हटलं, “वैनी, फ्रिज न्हाय, तक्ता कुठं चिकटवू? म्हशीच्या कपाळावर?” ती हसली. वर म्हणते कशी, “तुझं बरं हाय बाई, तुला कसलं टेन्शनच न्हाय.”

आणि ती पाकिटं. अंगणवाडीतनं लहान पोरांसाठी कोरड्या खाऊची पाकिटं मिळतात. नुसती पाण्यात शिजवली तर पोरं थुंकतात, हे खरं. पण मला त्यातनं काय काय जमतं! कांदा घालून धिरडं. गूळ घालून शिरा. आणि सणावाराला लाडू. त्या वाढदिवसासाठी मी आठवडाभर दुधावरची साय साठवली होती. त्याच राणीच्या दुधाची साय. तिचं तूप काढलं, पीठ खमंग भाजलं, गूळ किसून घातला. रिकाम्या हातानं कसं जायचं? माझ्याकडं द्यायला त्याहून चांगलं काही नव्हतं.

स्वराच्या नावाचं पाकीट पण मीच आणायची. “तू जातीसच की, आमचं पण घेऊन ये.” आणि ते पाकीट काकींच्या स्वयंपाकघरात कधीच जायचं नाही. थेट गोठ्यात. मीच ते फोडायची, मीच पेंडीत कालवायची. पाकिटावर हसऱ्या पोराचं चित्र असतं. ते मधोमध फाटायचं.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी असंच पाकीट फोडलं आणि तो वास आला. माझ्या कढईतला वास. माझा हात तसाच घमेल्यात राहिला. म्हटलं, अगं, लाज तुला कशाची वाटतीय? पोराच्या नावावर खाऊ आणून म्हशीला घालणारी बाई ताठ मानेनं केक कापते. तोच खाऊ पोराच्या पोटात घालणारी तू मोरीत मान खाली घालून बसतीस. मग चोर कोण? भिकारी कोण? माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी हातपाय धुतले. मग म्हणाले, “खोली जाईल. गप बसायचं.” भट्टीपुढं दिवसभर भाजून आलेला माणूस. त्याला तरी काय बोलू? मी गप बसले. पण ते गप बसणं आता जड व्हायला लागलं.

कारण तनूनं खाणं सोडलं. लाडू नको, धिरडं नको, शिरा नको. ताटली पुढं केली की म्हणायची, “म्हशीचं हाय.” नुसती भाकरी चहात बुडवून खायची. मी चुचकारलं, गोष्टी सांगितल्या, एकदा तर पाठीत धपाटा घातला आणि मग तिला छातीशी धरून मीच रडले. चार घरच्या पोरांसारखं सफरचंद, बदाम, बिस्किटं आणायची आमची ऐपत नव्हती. जे होतं ते ह्या पाकिटातच होतं. त्यावर त्या बाईनं एका फटक्यात शेण टाकलं होतं.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवतात. शिंगं रंगवतात, अंगाला तेल लावतात, मोरपिसं बांधतात, हलगीच्या तालावर रस्त्यानं पळवतात. राणीला धुवायला मीच होते. तिचं अंग असं चकाकत होतं की त्यात तोंड बघावं. गल्ली लोटली होती बघायला. “काय तुकतुकी हाय! काय घालतासा हो?” लोक विचारत होते. काकींचा मुलगा नुसता हसत होता. राणी बिचारी काय करणार, तिचा काय दोष? पण मी तनूला कडेवर घेऊन दारात उभी होते, आणि तिच्या बरगड्या माझ्या हाताला लागत होत्या.

दिवाळीनंतर अंगणवाडीत गेले. ताईंनी तनूला काट्यावर उभं केलं. काटा बघितला, माझ्याकडं बघितलं. “वजन उतरलंय गं. घरातच असतीस न्हवं? लक्ष देत न्हाईस व्हय पोरीकडं?”

त्या वाईट नाहीत. पण तेच शब्द. घरातच असतीस. भोवती दहा-बारा आया रांगेत उभ्या. ताईंनी पाकिटं पुढं ठेवली. तनूचं, धाकट्याचं आणि नेहमीप्रमाणं वर स्वराचं.

मी स्वराचं पाकीट उचललं आणि परत टेबलावर ठेवलं.

“हे नको.”

“का गं? काकींचं हाय की.”

“ते पाकीट पोरगी खात न्हाय. म्हस खाते. मीच कालवते रोज. आजपासनं न्हाय कालवणार.”

ताई खाली वाकून हळूच म्हणाल्या, “हळू बोल की. मला काय माहीत न्हाय व्हय? तू कशाला वाईटपणा घेतीस?”

मला वाटलं होतं ताई चकित होतील. त्यांना माहीत होतं. रांगेतल्या बायकांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं आणि वजन का उतरलं म्हणून माझीच चौकशी चालली होती. मग मी हळू बोलले नाही. आवाज जेवढा चढतो तेवढा चढवला. “वाईट मी हाय व्हय? पोरांच्या तोंडचं गोठ्यात घालतात त्या चांगल्या? माझ्या पोरीचं लाडू म्हशीपुढं ओतलं, तेव्हा कुणाला वाईट वाटलं न्हाय ते? त्या हॉलमधल्या चौघी हितंच हाईत की!”

चौघींपैकी एकीनं मान वळवली. बाकीच्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. माझ्या बाजूनं कुणी बोललं नाही. मी माझी दोन पाकिटं घेतली आणि निघाले.

मी पोचायच्या आत बातमी पोचली होती. काकी पायरीवर उभ्या.

“आमच्या दुधावर पोरं वाढवलीस आणि आमच्यावरच उलटलीस?”

“दूध फुकट न्हाय प्यालो काकी. शेण काढलंय त्याचं.”

“घरातच बसून खातीस आणि तोंड बघा किती! दूध बंद तुझं.”

“करा बंद. आणि उद्यापासनं शेण तुम्ही काढा. तुम्ही पण घरातच असतासा की.”

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांना मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. “खोली मोकळी करायची,” एवढंच म्हणाल्या आणि दार लावलं.

आता महिना संपायच्या आत खोली सोडायची आहे. हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी न बोलता भांडी पोत्यात भरायला लागले. दूध नाही, सूट नाही, पुढची खोली कुठं ते माहीत नाही. आडनाव तेच आहे. दारं तीच आहेत. पेटून उठलं की सगळं ठीक होतं असं कुणी सांगितलं तर त्याला माझ्या पोत्यांवर आणून बसवा.

काल मी परत लाडू केले. तूप नव्हतं, तेलावरच भाजलं. मागच्या खोलीत नाही, पुढच्या पायरीवर बसून वळले. ज्या दारानं येजा करायची नाही, त्याच दारात. आधी मी एक खाल्ला, येणाराजाणारा बघेल असा. मग तनूच्या हातात दिला. तिनं तो धरला आणि गोठ्याकडं बघितलं. खाल्ला नाही. हातात धरून बसून राहिली.

बसू दे. मी रोज वळणार, रोज तिच्यापुढं बसून खाणार. पुढच्या खोलीचा मालक विचारील, दिवसभर काय करतीस, तर सांगणार, दोन पोरं जगवते, ह्याहून मोठं काम तुमच्या घरात कोण करतंय ते दाखवा. आणि माझ्या पोरीच्या तोंडचा घास परत कुणी घमेल्यात ओतला, तर मी ताटल्या विसळायला बसणार नाही. ते घमेलं उचलून त्यांच्या हॉलच्या मधोमध पालथं करीन.