प्रभाव आमचा, नक्कल त्यांची

अकोल्याहून एका मुलीचा फोन आला. आपण इंजिनिअरिंगला आहोत आणि एका बँडमध्ये बेस गिटार वाजवतो, एवढी ओळख देऊन तिनं विचारलं, "मॅडम, आम्ही 'धुकं' वाजवलं तर चालेल का?"

कोणतं धुकं हे लक्षात यायला मला जरा वेळ लागला. वीसेक वर्षांपूर्वी, अमरावतीला कॉलेजात असताना, आमचा तिघांचा एक बँड होता. गिटार, ड्रम आणि माझा किबोर्ड. या बँडनं स्वतःची म्हणून जी एकुलती एक रचना केली, तिचं नाव 'धुकं'. स्नेहसंमेलनात कोणीतरी ती हँडीकॅमवर टिपली होती आणि पुढं कधीतरी इंटरनेटवर चढवली होती. ती पाहणारे जगात आम्ही तिघंच आहोत, असा माझा समज होता.

"वाजवा की," मी म्हटलं. "त्यात विचारायचं काय?"

"सरांना पण विचारलं मॅडम. ते नाही म्हणाले. म्हणाले, स्वतःचं काहीतरी करा. आणि फोनच ठेवून दिला." मग जरा थांबून ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी आमचा कार्यक्रम आहे. तुमचं गाणं शेवटी ठेवलंय. तेच काढलं तर आम्हाले शेवटच नाही."

सर म्हणजे आमचा गिटारवाला. मूळचा शेंदूरजनाघाटचा, घरी संत्र्याचे बगीचे. आता अमरावतीतला नावाजलेला फिजिक्सचा मास्तर. कोचिंग क्लासच्या जाहिरातीत हाताची घडी घातलेला त्याचा फोटो शहरातल्या निम्म्या ऑटोंच्या पाठीवर आहे, त्यामुळे कुठल्याही चौकात गाडी थांबवली की तो समोर उभा असतो. वर लिहिलेलं असतं, 'यशाचा एकच मार्ग', आणि ऑटो तेवढ्यात भलतीकडंच वळतो.

मी त्याला फोन लावला. "काहून नाही म्हणालास रे पोरांना?"

"अवं, जे शिकवतो ते सारं दुसऱ्यानं शोधलेलं," तो म्हणाला. "एक नियम माह्या नावाचा नाई. 'धुकं' तेवढं माहं हाये. ते बी यायनं उचलून न्यावं काय?"

तो चिडला असता तर मी थट्टा करून विषय संपवला असता. पण तो चिडला नव्हता. तो अगदी खरं बोलत होता, म्हणून मी म्हटलं, रविवारी तिघं बसून ते एकदा ऐकू.

'धुकं' हे प्रोग्रेसिव्ह रॉक होतं, निदान आमच्या मते. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगायचं तर, नाचणाऱ्या माणसाला खाली बसवून विचार करायला लावणारं हे रॉक संगीत. गाणी लांबलचक असतात, त्यांचे भाग पाडलेले असतात, ताल मुद्दाम लंगडता ठेवलेला असतो आणि विषय विश्वाच्या उत्पत्तीपासून खाली कधी येत नाही. आमच्या हाती कोणाच्या तरी मावसभावानं पुण्याहून आणलेली एक सीडी लागली आणि आम्ही कामातून गेलो. चिखलदऱ्याच्या एका सहलीचं आम्ही चार भागांचं महाकाव्य केलं. पहिल्या भागाचं नाव 'उत्पत्ती' होतं. प्रत्यक्षात एसटी घाटात बंद पडली होती, पण ते कुठल्याच भागात आलं नाही. त्या परदेशी बँडांचे कार्यक्रम धुरात होतात असं ऐकलं होतं, म्हणून आम्ही स्टेजवर लोबान जाळला. पहिल्या रांगेतले दोन प्राध्यापक हात जोडून बसले.

सीडीसोबत एक छापील फोटो होता. त्यात एका बँडचा किबोर्डवाला पोळ्याच्या बैलासारखी चकचकीत झूल पांघरून उभा होता. किबोर्डवर मी असल्यामुळे झूल मीच पांघरावी, असा ठराव झाला. मी म्हटलं, माझ्याकडं ओढणी आहे, तिलाच काय ते समजा. ती सोनेरी काठाची ओढणी मी दोन्ही खांद्यांवरून मागं सोडली आणि त्यांचं समाधान झालं.

रविवारी दुपारी आम्ही तिघं क्लासमध्ये जमलो. पोरांची टेस्ट नुकतीच संपली होती. ड्रमवाला आला तोच म्हणाला, "लावा बाप्पा आपला व्हिडिओ एकदा. पाहू तरी काय उचललं पोट्ट्यांनी." तो आता सरकारी कचेरीत आहे. लहानपणापासून जयंतीच्या मिरवणुकीत ढोल वाजवलेला माणूस. आमच्या तिघांत ताल म्हणजे काय ते खरंखुरं त्यालाच कळायचं, आणि त्यानं कधी तसं म्हणून दाखवलं नाही.

गिटारवाल्यानं प्रोजेक्टर सुरू केला आणि जिथं एरवी पोरांना गुरुत्वाकर्षण दिसतं त्या भिंतीवर आम्ही दिसू लागलो. केसांसकट.

सुरुवातीला गिटारची एक चढत जाणारी सुरावट होती. ती ऐकून ड्रमवाला हसला.

"हे तर सीडीतलं दुसरं गाणं होय ना बे?"

"त्याचा प्रभाव हाये," गिटारवाला म्हणाला. "प्रभाव असतेच."

मग किबोर्ड आला. दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

"माझ्याकडं पाहू नका," मी म्हटलं. "ते झूलवाल्याचं आहे. त्याच्याइतकी बोटं पळत नव्हती म्हणून हळू वाजवलं, आणि तुम्ही म्हणालात की फार गूढ वाटतं."

"आन हा ठेका आमच्या मिरवणुकीतला," ड्रमवाला म्हणाला. "माह्या काकाचा. तुमाले लंगडा ताल पाह्यजे होता, म्हणून म्या त्यातला एक ठोका गाळला. काकानं ऐकलं तं म्हणे, मधातच चुकून राह्यला तू."

शेवटाबद्दल कोणी बोललंच नाही. तो सीडीतल्या पाचव्या गाण्यातून जसाच्या तसा घेतला होता.

याचं मला फारसं नवल वाटलं नाही. त्या सीडीतल्या बँडांबद्दल मी पुढं बरंच वाचलं होतं. त्यातल्या एकानं चर्चमधला ऑर्गन उचलला, दुसऱ्यानं दोनशे वर्षांपूर्वीच्या सिंफनीतले तुकडे, आणि तिसऱ्यानं या दोघांकडून सगळंच. मुलाखतीत मात्र प्रत्येकाची भाषा ठरलेली. स्वतः घेतलं तर तो प्रभाव, दुसऱ्यानं घेतलं तर ती नक्कल. साहित्यातही काही वेगळं नसतं. फक्त तिथं लोबानाऐवजी प्रस्तावना जाळतात.

गिटारवाल्यानं चित्र मधेच थांबवलं. "थांबा. आता पाहा. इथं सारा बँड थांबते. फकस्त किबोर्डचा एक सूर राह्यते. धुकं विरून राह्यलं, अन् सामनेची दरी दिसायची हाये. हे कोणत्या सीडीत हाये सांगा मले. ही शांतता माही हाये."

ड्रमवाला आधी माझ्याकडं बघू लागला, मग त्याच्याकडं.

"गड्या," तो म्हणाला, "माहा ड्रम सरकत होता."

"काय?"

"स्टेजवर गुळगुळीत टाइल होती का नाई? पायानं मारतो तो मोठा ड्रम, दर ठोक्याले सामने जाये. तिथवर येता येता माहा पायच पुरे ना. मंग तूच बोलला, आपण इथं समदे थांबू, तू दोन्ही हातानं वढून घे. अन् हिले म्हणला, तवर एक सूर धरून ठेव."

गिटारवाल्यानं चित्र पुढं सोडलं. भिंतीवर, माणसाएवढ्या आकारात, आमचा ड्रमवाला खाली वाकला, ड्रमच्या मागं दिसेनासा झाला, आणि पुढं गेलेला ड्रम हळूहळू मागं आला. एवढं मोठं ते आम्ही कधी पाहिलं नव्हतं. आमचा मास्तर इतकी वर्षं त्या शांततेला धुकं समजून बसला होता. ढोंग करत नव्हता. खरंच तसं आठवत होता.

"मंग माहं त्यात काहीच नाई?" त्यानं विचारलं.

"हाये ना," ड्रमवाला म्हणाला. "आवाज साऱ्यात मोठा तुहाच होता."

यावर तो हसला नाही. प्रोजेक्टर बंद करून बराच वेळ वायर गुंडाळत बसला. मग म्हणाला, "चाला अकोल्याले. ते काय वाजवून राह्यले ते तरी आयकू. निरी नक्कल असंल तं मी बंद करतो. तोंडावर सांगतो."

मुलीला मी आधी कळवून ठेवलं. अकोल्याला तिच्या मामाची बंद पडलेली दाळमिल आहे, तिच्या गोदामात ती मुलं सराव करतात. तुरीचा भुसा अजून कोपऱ्यांत होता आणि पत्र्याखाली उकडत होतं. मुलांनी आमच्यासाठी तीन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. आमच्याकडं इतक्या आदरानं यापूर्वी फक्त लोबानामुळे पाहिलं गेलं होतं.

किबोर्डवर एक दाढीवाला मुलगा उभा होता. त्यानं खांद्यांवरून सोनेरी काठाची ओढणी मागं सोडली होती.

"ही काहून?" मी विचारलं.

"तुमच्या व्हिडिओत आहे ना मॅडम," तो लाजून म्हणाला. "बहिणीची आहे."

 झूल इंग्लंडातून निघून माझ्या ओढणीमार्गे अकोल्याला पोचली होती. प्रवासात तिचं नुकसान झालं असं मला वाटलं नाही.

ते वाजवू लागले. सुरावट तीच होती, लंगडा ठेका तोच होता, फक्त सफाई आमच्यापेक्षा कितीतरी जास्त. मग ती जागा आली. सगळे थांबले. किबोर्डचा एक सूर लांबत राहिला. त्यांचा ड्रम जाड सतरंजीवर होता, खाली विटा लावलेल्या होत्या, तो तसूभरही हलण्यासारखा नव्हता. तरीही त्यांचा ड्रमवाला मुलगा सावकाश वाकला, दोन्ही हात ड्रमच्या कडेवर ठेवले, डोळे मिटले आणि कपाळ खाली टेकवलं.

आमच्या ड्रमवाल्यानं तोंडावर रुमाल धरला. त्याचे खांदे हलत होते. वाजवणाऱ्या पोरांना वाटलं, काकांना भरून आलं.

गाणं संपल्यावर गिटारवाल्यानं खुर्ची पुढं ओढली. "ते वाकणं काय होतं?"

"नमस्कार, सर," ड्रमवाला मुलगा म्हणाला. "तुमच्या व्हिडिओत पण काका करतात ना. वाद्याला."

 गिटारवाल्यानं आमच्या ड्रमवाल्याकडं पाहिलं, त्यानं छताकडं. शेवटी गिटारवाला म्हणाला, "सारं जसंच्या तसं हाये. याच्यात तुमचं काय हाये?"

हा प्रश्न वर्गात विचारतात तसा होता आणि मुलं वर्गातल्यासारखीच खाली पाहू लागली. पण बेसवाली मुलगी त्याच्या वर्गातली नव्हती.

"सर, एक विचारू? राग नका मानू. तुम्ही कोणाची परवानगी घेतली होती?"

"कायची?"

"सुरुवातीची. आन शेवटाची. आम्ही पण आयकतो ना सर ते बँड. आता तर फुकटात आयकायला भेटते."

"सांग आता," ड्रमवाला त्याच्या कानाशी म्हणाला. "प्रभाव म्हण."

गिटारवाल्यानं मान फिरवली. त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं, हा आता उठणार, आणि त्या पोरांचा शनिवार गेला. ती मुलगीही घाबरली असावी, कारण ती घाईनं बोलू लागली. "आमचं पण आहे एक, सर. लहानसं आहे. नमस्कारानंतर लावायचं होतं. पण तुमच्या गाण्यात आपलं कसं घालायचं म्हणून वाजवलं नाही."

"वाजव," तो म्हणाला.

ती एकटीच वाजवू लागली. बेस गिटारच्या जाड तारांवर चारपाच सूर खाली उतरायचे, पायरी चुकल्यासारखे मधेच अडायचे आणि भलत्याच ठिकाणाहून वर निघायचे. पुन्हा तेच, पण दर खेपेला अडण्याची जागा थोडी पुढं सरकलेली. पाठांतरानं यावं असं काही त्यात नव्हतं. आमच्या सीडीत तर ते नक्कीच नव्हतं.

गिटारवाल्याचा उजवा हात मांडीवर हलायला लागला होता.

"कोठून घेतलं हे?"

"माहीत नाही सर. बोटं तिकडं गेली."

"परत वाजव."

तिनं परत वाजवलं. त्यानं हात पुढं केला आणि त्यांच्या गिटारवाल्या पोरानं आपली गिटार त्याच्या हातात दिली. कित्येक वर्षांत त्यानं गिटार धरलेली मी पाहिली नव्हती. बोटं कडक झाली होती, पहिलीच तार त्याला बोचली. खुर्चीचे हात गिटारला आड यायला लागले, तेव्हा तो सरळ सतरंजीवर तिच्यासमोर मांडी घालून बसला. ऑटोवरच्या फोटोतला माणूस हाच, यावर कोणी विश्वास ठेवला नसता.

"इथं नाही थांबायचं, सर," ती सांगत होती. "इथं पुढं जायचं. थांबायचं नंतर."

"समजलं."

"नाही समजलं सर. पाहा."

"अवं, पाहून राह्यलो ना!"

आमचा ड्रमवाला कधी उठला कळलं नाही. त्यानं त्या मुलाकडून काड्या घेतल्या आणि हळू आवाजात ठेका धरला. काकाचा, न गाळलेल्या ठोक्याचा, सबंध. तो त्या अडखळणाऱ्या सुरांखाली नीट बसला. ओढणीवाल्यानं मला किबोर्डकडं बोलावलं, पण मला पाहायचं होतं, मी खुर्ची सोडली नाही.

"मग सर, शनिवारी वाजवू ना?" मुलीनं मधेच विचारलं.

"तं काय, वाजवा ना. आधी हे नीट बसवा," तो तारांवरची नजर न काढता म्हणाला. परवानगीचा विषय मग कोणी काढला नाही.

तो पुन्हा चुकला. जिथं पुढं जायचं तिथं त्याचं बोट घसरलं, एका सुरावरून शेजारच्यावर गेलं, आणि तिची सगळी सुरावट बाजूला वळून एका वेगळ्याच जागी जाऊन उभी राहिली. बेसवाली थांबली. मान वाकडी करून तिनं त्याच्या बोटांकडं पाहिलं.

"चुकलं," तो म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली. "परत चुका बरं तसंच."

त्यानं प्रयत्न केला, पण या वेळी ते बरोबर आलं. ती म्हणाली, "हे नाही." त्यानं परत वाजवलं, ते परत बरोबर आलं, तेव्हा ड्रमवाला हसून म्हणाला, "लेका, आजवर कधी बरोबर वाजवलं नाई, अन् आज तुले चुकता येईना?" मुलं हसली. मास्तरही हसला, मनगट झटकलं, आणि आपण नेमके कसे चुकलो होतो ते शोधायला खाली वाकला.