गणिताच्या बाईंचा मंगळवार

गणिताच्या बाई जळायच्या, आणि आपण जळतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. शाळेत हा मत्सर शिस्तीचं सोंग घेऊन वावरायचा, पण घरी चपला काढल्या की सोंगही उतरायचं. त्यांचे यजमान शाळेचीच बस चालवायचे. जेवायला बसले की ते पहिला घास घेण्याआधी विचारायचे, "मग, आज काय केलं तुझ्या सवतीनं?"

"काही करत नाही हो ती. नुसती हसते."

"एवढंच?"

"एवढंच काय! दिवसभर हसते."

ही सवत म्हणजे वरच्या मजल्यावरच्या नवीन बाई. तशा त्यांना शाळेत येऊन दोन वर्षं होत आली होती, पण गणिताच्या बाई त्यांना नवीनच म्हणायच्या. चर्चच्या मागची ती शाळा एवढीशी होती, की एका वर्गात कुणी शिंकलं तर शेजारच्या वर्गातून 'देव तुझं भलं करो' ऐकू यायचं. शेवटच्या वर्गात जेमतेम नऊ मुलं. पण फी भरणाऱ्या आईबापांना हल्ली देवाधर्मापेक्षा एकच प्रश्न जास्त छळायचा, की आमचा मुलगा पुढे कुठल्या कॉलेजात जाणार? म्हणून विश्वस्तांनी नवीन बाईंना नेमलं. कॉलेज कसं निवडायचं, अर्जासोबतचा निबंध कसा लिहायचा, मुलाखतीत कसं बोलायचं, हे शिकवणं त्यांचं काम. त्यांना वरची अडगळीची खोली मिळाली. त्यांनी तिथे दोन मऊ खुर्च्या आणल्या, चहाची किटली आणली आणि भिंतीवर एक मोठा नकाशा लावला. कुणाला कुठे प्रवेश मिळाला की त्या गावावर रंगीत टाचणी लागायची.

बरोबर त्याच खोलीच्या खाली गणिताचा वर्ग होता. एक डुगडुगतं टेबल, लाकडी बाकं आणि काळा फळा. मऊ खुर्ची एकही नाही. मऊ खुर्चीत बसून गणित होत नाही, असं बाईंचं पक्कं मत. आता नावडतीचं मीठ अळणी असतं हे खरं, पण बाईंचं म्हणणं अगदीच खोटंही नव्हतं. मुलांना त्रिकोणमिती कुणी शिकवली? चुकलेलं उत्तर घेऊन येणाऱ्याला पुन्हा पुन्हा फळ्यापाशी कुणी उभं केलं? बाईंनी. आणि टाचणी कोण लावणार? वरची. याला म्हणतात आयत्या पिठावर रेघोट्या.

टाचण्यांचंही त्यांनी सोसलं असतं. सोसवत नव्हती ती पाठवणी.

वर्षाच्या शेवटच्या शुक्रवारी चर्चमध्ये शेवटच्या वर्गाची पाठवणी व्हायची. प्रत्येक मुलानं आपल्या पसंतीच्या एका शिक्षकाला आधी जाऊन विचारायचं. त्या दिवशी मूल वेदीपुढे गुडघे टेकणार आणि तो शिक्षक त्याच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर त्याच्या पुढच्या वाटेसाठी प्रार्थना करणार. शाळेत पगार बेताचा आणि कौतुक त्याहून बेताचं. वर्षभराची कमाई म्हणजे हा हात ठेवणं. बाईंना दरवर्षी दोघंतिघं तरी विचारायचीच. गेल्या वर्षी एकानंही विचारलं नाही. त्या नवी साडी नेसून, स्तोत्रांचं पुस्तक मांडीवर घेऊन पहिल्या बाकावर बसून राहिल्या, आणि नवीन बाई उठत होत्या, बसत होत्या, पुन्हा उठत होत्या. घरी जाताना बसमध्ये यजमान एक शब्दही बोलले नाहीत, आणि त्यांची थट्टा परवडली असती असं बाईंना वाटलं.

यंदा मात्र बेकरीवाल्याची लेक होती.

ही पोरगी अकरा वर्षांची असताना बाईंच्या वर्गात आली तेव्हा तिच्या वहीवर पिठाची बोटं उमटलेली असायची. एकदा तिनं बाईंनी सोडवलेल्या भूमितीच्या उदाहरणाला त्यांच्यापेक्षा छोटी वाट काढली. बाई फळ्याकडे बघतच राहिल्या. त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर पोरगी थांबायची, बाई शिकवायच्या आणि यजमान शेवटच्या फेरीत तिला बेकरीपाशी सोडायचे. स्वतःचं मूल नसलेल्या त्या घरात जेवताना याच पोरीच्या गोष्टी निघायच्या. आता तिनं मोठ्या विद्यापीठाच्या गणित विभागाची लेखी परीक्षा पहिल्या झटक्यात काढली होती. मुलाखत तेवढी राहिली होती.

आणि मुलाखत म्हणजे वरची खोली.

रोज दुपारी पोरगी वर जायची. छतातून आधी खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, मग बोलण्याची गुणगुण, आणि मग हसणं. मनमोकळं, खो खो हसणं. बाईंच्या वर्गात इतक्या वर्षांत ती पोरगी एकदाही अशी हसली नव्हती. बाई खाली वह्या तपासत बसायच्या आणि वर हशा पिकला की लाल पेन वहीत रुतायचं. त्या आठवड्यात सातवीच्या मुलांना फार कमी मार्क पडले.

"अगं, तिला हसू दे की," यजमान म्हणाले.

"हसू दे. पण कष्ट करायला मी आणि हसायला ती?"

"म्हणजे तुला काय हवंय? पोरीला कॉलेज मिळायला हवंय, की पोरगी हवीय?"

बाईंनी ताट उचललं आणि नळ जरा जोरातच सोडला.

मग मंगळवार आला.

या शाळेची एक रीत सांगायला हवी. सकाळी घंटेआधी सगळे शिक्षक एकत्र प्रार्थना करत. प्रार्थना कुणी करायची त्याचे वार ठरलेले. मंगळवार गणिताच्या बाईंचा. सहकाऱ्याबद्दल वाईट बोलायचं नाही असा शाळेचा कडक नियम होता, म्हणून जे काही वाईट बोलायचं ते सगळे प्रार्थनेतच बोलत. खेळाचे सर डोळे मिटून म्हणायचे, "प्रभो, ज्यांनी मैदानाची किल्ली नेली आहे, त्यांची स्मरणशक्ती वाढव." लेकी बोले सुने लागे. ज्याला लागायचं त्याला बरोबर लागायचं आणि दुसऱ्या दिवशी किल्ली जागेवर यायची. फारच झालं तर मुख्याध्यापक खोकायचे. त्यांचा खोकला म्हणजे आमेन म्हणून आवरा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बाई उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि सुरू झाल्या.

"हे स्वर्गीय पित्या, वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या आमच्या बहिणीला तुझ्या हाती देते. तिचं काम मोठं आहे आणि तयारी थोडी आहे. जे विषय तिला येत नाहीत, ते येणाऱ्या मुलांना ती पुढे पाठवते आहे. तिला आधार दे. हसण्यानं सगळं साधत नाही, हे तिला वेळेवर कळू दे."

मुख्याध्यापक खोकले. खेळाच्या सरांनी एक डोळा उघडून पाहिलं. बाईंनी आमेन म्हटलं आणि त्यापाठोपाठ सगळ्यात मोठं, खणखणीत आमेन आलं ते नवीन बाईंचं.

घंटा झाली. बाई वर्गाकडे निघाल्या तर नवीन बाई मागून धावत आल्या. त्यांचे डोळे भरलेले होते. आता भांडण होणार म्हणून बाईंनी कंबर कसली. खरं तर त्यांना भांडण हवंच होतं.

"ताई," नवीन बाई म्हणाल्या, "तुम्हाला कसं हो कळलं?"

"काय कळलं?"

"की मला भीती वाटते. बेकरीवाल्यांची मुलगी गणितावर बोलायला लागली की मला ओ की ठो कळत नाही. माझ्यामुळे तिचं नुकसान होईल म्हणून मला झोप नाही लागत. दोन वर्षांत या शाळेत माझ्यासाठी कुणी प्रार्थनाच केली नव्हती. तुम्ही पहिल्या." आणि त्यांनी बाईंचे खडूचे हात आपल्या हातात घेतले. "आज दुपारी वर याल? नुसतं बसायचं. तुम्ही असलात की मला धीर येईल."

ज्याला मारायला दगड फेकावा त्यानं तो उचलून 'पडला होता तुमचा' म्हणून परत आणून द्यावा, तसं झालं. नाही म्हणायला तोंडच उरलं नव्हतं.

दुपारी त्या वर गेल्या. मऊ खुर्चीत न बसता स्टुलावर बसल्या. नवीन बाईंनी पोरीला एक उदाहरण समजावून सांगायला सांगितलं. पोरीनं सांगितलं. भराभर, तुटक, अर्धं पोटात ठेवून.

"मला नाही कळलं," नवीन बाई म्हणाल्या. त्यांना सांगायला लाजही वाटली नाही. "परत सांग."

पोरीनं परत सांगितलं. नवीन बाईंनी भलतंच काहीतरी विचारलं. पोरगी खो खो हसली, नवीन बाईही हसल्या, आणि मग पोरगी कागद घेऊन पुढे सरकली आणि इतक्या सोप्या, स्वच्छ भाषेत सांगायला लागली की नवीन बाईंचा चेहरा उजळला. बाई स्टुलावर ऐकत होत्या. या मुलीला एवढं बोलता येतं? आपल्यापुढे ती कधी बोललीच नाही. बोलणार कशी? तिनं तोंड उघडायच्या आत आपल्याला उत्तर माहीत असायचं, आणि आपण पुढचं उदाहरण घालायचो. पोरीला बोलकं करायला गणित न येणारंच माणूस लागत होतं.

बाईंच्या पोटात दुखायचं थांबलं नाही. उलट वाढलं. वरची नुसती हसत असती तर बरं झालं असतं. ती काम करत होती.

पोरीला प्रवेश मिळाला. नकाशावर टाचणी लागली, लाल. पुढच्या सोमवारी पोरगी गणिताच्या वर्गात आली आणि डुगडुगत्या टेबलाला धरून उभी राहिली.

"बाई, पाठवणीला माझ्यासाठी उभ्या राहाल?"

बाईंना वाटलं, आपण आता रडणार. पण जन्मभर उत्तराचा ताळा करून पाहण्याची सवय, ती कुठे जाणार? "वरच्या बाईंना नाही विचारलंस?"

पोरीला खोटं बोलता येत नव्हतं. "विचारलं होतं. त्या म्हणाल्या, आधी खाली जा."

"म्हणजे तू त्यांना आधी विचारलंस."

"हो." पोरीनं मान खाली घातली. "मला दोघी हव्या होत्या, बाई. पण एकालाच विचारायचं असतं ना."

म्हणजे हे त्या बाईचं दान होतं. तिच्या ताटातलं उचलून आपल्या ताटात वाढलेलं. मानी माणसानं ताट सरकवलं असतं. गणिताच्या बाई मानी होत्या, सगळ्या शाळेला विचारा. पण गेल्या वर्षीचा तो बाक त्यांना आठवला, आणि पिठाची बोटं उमटलेली ती वही आठवली.

"राहीन की," त्या म्हणाल्या. "न राहून कसं चालेल?"

शुक्रवारी त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. कितीतरी वर्षं मनात घोळवलेली प्रार्थना त्यांनी म्हटली. मागच्या बाकावर यजमान टोपीत तोंड लपवून बसले होते. आमेन सगळ्यांनी म्हटलं, आणि सगळ्यात मोठं, खणखणीत, पुन्हा नवीन बाईंनीच.

बाहेर पायऱ्यांवर नवीन बाईंनी त्यांना गाठलं. "ताई, मंगळवारी तुमचा वार ना? माझ्यासाठी परत प्रार्थना कराल? तुमच्या प्रार्थनेला गुण येतो हो."

मत्सर गेला होता का? कुठला जायला! उलट आता बाईंना आणखी एका गोष्टीचा हेवा वाटायला लागला होता. आपल्याला जे मिळवायला दोन वर्षं जळावं लागलं, ते हिनं हसत देऊन टाकलं. हिला जळता कसं येत नाही?

मंगळवारी त्या उभ्या राहिल्या, डोळे मिटले. मुख्याध्यापकांनी घसा तयार ठेवला. खेळाचे सर कान टवकारून बसले.

"हे स्वर्गीय पित्या, वरच्या मजल्यावरच्या आमच्या बहिणीला..."

आणि बाई अडल्या. तोंडात येणाऱ्या प्रत्येक वाक्याला धार होती. धार नसलेलं वाक्य त्यांना सापडेना. बऱ्याच वेळानं, सातवीतल्या मुलानं भीतभीत उत्तर सांगावं तशा त्या म्हणाल्या, "तिला सुखात ठेव."

मुख्याध्यापक सवयीनं खोकले.